वेळ सुधारली, पण तास अजून उभ्याने होत नाही: एमएसच्या फिजिओथेरपीत ध्येय ठरवायचं कसं?

फळ्यासमोर

नमस्कार मंडळी. मला रिलॅप्सिंग-रिमिटिंग एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार, ज्यात मधूनच लक्षणांचा झटका (रिलॅप्स) येतो आणि मग ओसरतो. निदान होऊन नऊ वर्षं झाली. शाळेत गणित शिकवते. दीड वर्षापूर्वी मोठा रिलॅप्स आला, तेव्हा डावा पाय जवळजवळ गेलाच होता. बराचसा परत आला, पूर्ण नाही. गेले चार महिने आठवड्यातून दोनदा फिजिओकडे जाते आणि घरी रोज अर्धा तास व्यायाम करते. अंगात कणकण होती ते दोन दिवस सोडले तर खंड पडू दिलेला नाही.

पहिल्या दिवशी फिजिओने विचारलं, "तुमचं ध्येय काय?" मी म्हटलं, "चालणं सुधारायचंय." तिने तसंच कागदावर लिहिलं. तिच्याकडे फरशीवर दोन चिकटपट्ट्या लावलेल्या आहेत, मध्ये २५ फूट. दर चार आठवड्यांनी या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत जमेल तितकं भरभर चालायचं आणि ती स्टॉपवॉच लावते. सुरुवातीला ९.२ सेकंद लागले होते, गेल्या आठवड्यात ८.१. तिला मनापासून आनंद झाला, मलाही झाला. मी बाहेर येऊन लगेच घरी फोन केला.

दुसऱ्या दिवशी दुपारचा तास होता. विसाव्या मिनिटाला डावा चवडा जमिनीला घासायला लागला. आधी पाऊल टाकताना नुसता 'सर्र' असा आवाज येतो. मग डावा हात आपोआप फळ्याच्या कडेला जातो आणि उजव्या हाताने लिहिलेल्या ओळी तिरप्या होत खाली उतरायला लागतात. पहिल्या बाकावर एक मुलगी बसते. तो आवाज ऐकला की ती उठते, टेबलामागची खुर्ची आणून माझ्या मागे ठेवते आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसते. मी तिला तसं करायला कधी सांगितलेलं नाही. त्या दिवशीही तिने खुर्ची आणली आणि मी बसले.

मी फिजिओथेरपी सुरू केली ती या तासासाठी. ४० मिनिटं उभ्याने शिकवायचं, एवढंच मला हवं होतं. आणि तिथे चार महिन्यांत तसूभरही फरक नाही. मग १.१ सेकंद कमी झाले म्हणजे नेमकं काय झालं? दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी आहे. "प्रगती छान आहे, आता आठवड्यातून एकदा आलात तरी चालेल," असं फिजिओ म्हणाली आहे. ती चांगली आहे, मन लावून काम करते, म्हणून तिच्यापुढे हे बोलायला जीभ रेटत नाही. पण बोलायचं तर काय बोलू? ध्येय काय सांगायला हवं होतं, आणि मोजायला काय सांगू? शिवाय ज्या आजारात पुढचा रिलॅप्स कधी येईल ते कुणालाच माहीत नाही, त्यात तीन महिन्यांचं ध्येय लिहिण्यात अर्थ तरी आहे का? ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया लिहा.

---

मोजपट्टी

मी न्यूरो-फिजिओथेरपिस्ट आहे. वीस वर्षं हेच काम करते, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते आहे.

आधी तुमच्या १.१ सेकंदाबद्दल. २५ फूट म्हणजे ७.६२ मीटर. ही चाचणी मुळात औषधांच्या अभ्यासांसाठी मोजमाप हवं म्हणून १९९०च्या दशकात एमएससाठी जो चाचण्यांचा संच बनवला, त्यात आली. सोबत नऊ भोकांत खुंट्या बसवायची हाताची चाचणी आणि आकड्यांच्या बेरजेची एक चाचणी. सुरक्षितपणे जितकं भरभर चालता येईल तितकं चालायचं, दोनदा, आणि सरासरी घ्यायची. करायला सोपी, जागा कमी लागते, म्हणून आम्ही सगळेच वापरतो. पण ती दहा सेकंदांच्या आत संपते. तुमचा पाय विसाव्या मिनिटाला दमतो. जो थकवा यायला वीस मिनिटं लागतात, तो दहा सेकंदांत कुठून दिसणार? तुमचं ध्येय आणि तुमची चाचणी यांची गाठच पडलेली नाही.

दुसरं असं की या चाचणीत साधारण २० टक्के फरक पडला तर तो रोजच्या जगण्यात जाणवण्याजोगा बदल मानायची पद्धत आहे. ९.२ चे २० टक्के म्हणजे १.८४, म्हणजे तुम्ही ७.३६ च्या आसपास यायला हव्या होतात. ८.१ म्हणजे १२ टक्के. दिशा चांगली आहे, तो आकडा फेकून देऊ नका. पण तेवढ्या जोरावर आठवड्याच्या भेटी निम्म्या करू नयेत असं माझं मत आहे.

आता तुमच्या फिजिओला काय सांगाल? मी असते तर सहा मिनिटं चालायची चाचणी लावली असती आणि एकूण अंतराइतकंच दर मिनिटाचं अंतर वेगळं लिहिलं असतं. समजा दोन जण सहा मिनिटांत ३६० मीटर चालले. एकीने प्रत्येक मिनिटाला ६० मीटर कापले. दुसरीने पहिल्या मिनिटाला ७२ आणि सहाव्याला ५०. बेरीज सारखी, पण त्यांचा त्रास वेगळा आणि व्यायामही वेगळे. पहिलीला वेग वाढवायचा आहे, दुसरीला दम टिकवायचा आहे. तुमच्या वर्णनावरून तुम्ही दुसरीसारख्या वाटता. तिला विश्रांतीचे टप्पे मधे घालून, थोड्या थोड्या वेळाने चालवावं लागतं. नुसतं भरभर चालण्याचा सराव तिच्या फारसा कामाचा नाही.

एक प्रश्नावलीही मागून घ्या. एमएसमधल्या चालण्याबद्दल बारा प्रश्नांची एक आहे, गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. त्यात काम करताना उभं राहणं किती अवघड गेलं, असा थेट प्रश्न आहे. तुमचं उत्तर कागदावर आलं की फिजिओला वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही, आणि तुमच्या जिभेवरचा भारही उतरेल.

आज घरी गेलात की डाव्या पायाचा बूट उलटा करून बघा. तळव्याचा पुढचा भाग, विशेषतः अंगठ्यापाशी, उजव्यापेक्षा जास्त झिजलाय का? झिजला असेल तर तो बूटच घेऊन जा. पाऊल उचलणारा नडगीवरचा स्नायू दमला की चवडा लोंबतो आणि घासतो. आम्हाला बरेचदा क्लिनिकमध्ये हे दिसत नाही, कारण पेशंट आमच्यासमोर ताजेतवाने असतात आणि आम्ही बघतोय म्हणून नीट पाय उचलतात. बूट मात्र महिनाभराची हकिगत सांगतो.

आणि चाचणी किती वाजता होते? खोली थंड असते का? उष्णतेने एमएसची लक्षणं तात्पुरती वाढतात, या प्रकाराला उथॉफ या जर्मन डॉक्टरांचं नाव आहे. व्यायामानंतर पेशंटची नजर अंधुक होते, असं त्यांनी १८९० मध्ये नोंदवलं होतं. शरीराचं आतलं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी काहींना पुरतं. मज्जातंतूंवरचं आवरण जिथे झिजलंय तिथून संदेश जेमतेम पार होत असतो, जरा गरम झालं की तो वाटेतच अडतो. त्याने नवीन इजा होत नाही, गार झालं की ओसरतं. पण सकाळी थंड खोलीत घेतलेली वेळ आणि दुपारी उकाड्यात घेतलेला तास यांची तुलना करणं चूक आहे. दर वेळी तीच वेळ, तेच बूट, काठी असेल तर तीच काठी, एवढं पाळलं तरच दोन आकड्यांची वजाबाकी करण्यात अर्थ असतो.

ध्येय लिहिण्याची एक पद्धत मला फार उपयोगी वाटते. १९६८ मध्ये किरेसुक आणि शर्मन यांनी मानसिक आरोग्याच्या सेवांसाठी ती मांडली होती, आता पुनर्वसनात सगळीकडे वापरतात. एका ध्येयाच्या पाच पायऱ्या करायच्या, उणे २ ते अधिक २. शून्य म्हणजे ठरलेल्या मुदतीत जे होईल अशी खरोखर अपेक्षा आहे ते. आजची स्थिती बहुधा उणे १ वर ठेवतात, म्हणजे त्याहून बिघडलं तर ते दाखवायला खाली एक पायरी उरते. तुमचं असं होऊ शकेल. उणे १: विसाव्या मिनिटाला बसावं लागतं. शून्य: बारा आठवड्यांनी पाचपैकी तीन दिवस पूर्ण तास, मधे आधीच ठरवलेली दोन मिनिटांची एक बैठक, आणि तिसाव्या मिनिटापर्यंत चवडा घासत नाही. अधिक १ मध्ये पाचही दिवस. अधिक २ मध्ये न बसता. हे तुम्ही दोघींनी मिळून लिहायचं. शून्याची पायरी फिजिओने एकटीने लिहिली की ती सोपी होते, पेशंटने एकट्याने लिहिली की अशक्य होते. दोन्ही मी पाहिलं आहे, आणि पहिली चूक मी स्वतः केलेली आहे.

एक शेवटचं. पाऊल वर धरणारा पट्टा किंवा स्प्लिंट लावून तुमचा तास पूर्ण झाला, तर ध्येय गाठलं असं म्हणायचं का? माझं उत्तर ठाम हो आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये जी चौकट मांडली, तिच्यात शरीराचं काम, माणसाची कृती आणि जगण्यातला सहभाग हे वेगवेगळे धरले आहेत. स्नायू तितकाच अशक्त राहूनही शिकवणं पूर्ण होऊ शकतं. तुम्हाला स्नायू हवाय की तास हवाय, हे तुम्हीच ठरवायचं.

---

दोन काठ्या

ताई, तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. मी ५८ वर्षांचा. १९९४ मध्ये निदान झालं, आता सेकंडरी प्रोग्रेसिव्ह, म्हणजे हळूहळू वाढतच जाणारा टप्पा. नावातच सगळं आलं, दोन काठ्यांशिवाय चालता येत नाही.

निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की व्यायाम करू नका, दमू नका, जपून राहा. त्या काळी बहुतेक ठिकाणी असंच सांगायचे. १९९६ मध्ये पेटाजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. एमएसच्या पेशंटना १५ आठवडे व्यायाम दिला तर त्यांचा दम वाढला, ताकद वाढली. माझ्यापर्यंत ते पोचायला आणखी काही वर्षं गेली. तोवर मी हातपाय जपत बसून होतो. ती वर्षं मला अजून सलतात. तुम्ही नवव्या वर्षी रोज अर्धा तास घाम गाळताय, ते मोलाचं आहे, तास उभ्याने होवो न होवो.

ध्येयाबद्दल माझा अनुभव वेगळा आहे. माझ्या फायलीत सहा वर्षं एकच आकडा आहे, ईडीएसएस ६.५. एमएसमुळे आलेलं अपंगत्व मोजायची कुर्ट्झ्के यांची १९८३ची ही मोजपट्टी शून्यापासून दहापर्यंत अर्ध्या अर्ध्या अंकाने जाते. ६ म्हणजे एका काठीने शंभरेक मीटर. ६.५ म्हणजे दोन्ही बाजूंना आधार घेऊन वीसेक मीटर. ७ म्हणजे आधार घेऊनही पाच मीटरच्या पुढे नाही, व्हीलचेअर. चारच्या पुढे ही मोजपट्टी बव्हंशी चालण्यावरच चालते. हात किती चालतो, थकवा किती, याला तिथे फारशी जागा नाही. न्यूरोलॉजिस्टच्या कामाला ती ठीक आहे. पण ६.५ आणि ७ यांच्या मधे माझं सगळं आयुष्य मावलेलं आहे, आणि ते त्या आकड्यात दिसत नाही.

एका ठिकाणी माझी फिजिओथेरपी बंद केली. कारण लिहिलं होतं, "प्रगती नाही." मी तो कागद घेऊन कितीतरी वेळ बाहेरच्या बाकावर बसलो होतो. ज्या आजाराचा कल खाली जाण्याचा आहे, त्यात जागेवर उभं राहायलाही जोर लावावा लागतो, हे त्या कागदाला ठाऊक नव्हतं.

नंतर जी फिजिओ मिळाली तिने पहिल्या भेटीत विचारलं, "काय गमवायचं नाहीये तुम्हाला?" असा प्रश्न मला आधी कुणी विचारला नव्हता. मी विचार करून सांगितलं, रात्री बायकोला न उठवता संडासला जाऊन येणं. पलंगापासून दारापर्यंत अकरा पावलं, मग उजवीकडे वळण, मग चार. वळण हीच अवघड जागा, तिथे दोनदा पडलो होतो. तिने पायऱ्या लिहिल्या आणि शून्यावर लिहिलं, "आज आहे तसंच, सहा महिन्यांनी." मी घरी येऊन बायकोला तो कागद दाखवला. तिने तो दोनदा वाचला आणि कपाटात जपून ठेवला.

त्याला आता तीन वर्षं झाली. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन, वळून, परत येऊन बसायची जी चाचणी असते, तिची माझी वेळ २४ सेकंदांवरून ३१ वर गेली आहे. नुसता तो आकडा बघाल तर मी खालावलो. पण गेल्या चौदा महिन्यांत मी एकदाही पडलेलो नाही, कारण आता वळताना घाई करत नाही, आधी काठी, मग पाय, मग दुसरी काठी. वेळ वाढली ती मुद्दाम शिकून वाढवली आहे. फिजिओने दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या आहेत.

रिलॅप्सच्या भीतीबद्दल विचारलंत. मी मुदतीचं ध्येय लिहितो आणि खाली एक ओळ लिहितो: मधे काही झालं तर ज्या दिवशी सावरेन त्या दिवसापासून नवीन कागद. जुन्या कागदावर नवा पाय मोजायचा नाही.

---

हातभार

मी पेशंट नाही, पेशंटचा नवरा. सगळ्यांनी मोजण्याबद्दल लिहिलंय, म्हणून जास्त मोजण्याचं काय होतं ते सांगतो.

बायकोच्या आजाराचं कळल्यावर मी भिंतीवर मोठा तक्ता लावला. रोज सकाळी दाराच्या चौकटीपासून खिडकीपर्यंत ती चालायची, मी मोबाइलवर वेळ घ्यायचो आणि ठिपका लावायचो. मला वाटायचं, मी तिला उमेद देतोय. दीडेक महिन्याने एके दिवशी तक्ता जागेवर नव्हता. तिने गुंडाळून पलंगाखाली ठेवला होता. मी विचारलं तर म्हणाली, "तुमची परीक्षा रोज सकाळी असते आणि मी निम्मे दिवस नापास होते."

तेव्हापासून वेळ महिन्यातून एकदाच, आणि तीही फिजिओ घेते. या आजारात एका दिवसाचा आकडा म्हणजे रात्रीची झोप, बाहेरचा उकाडा, पायांचा ताठरपणा आणि मन कसं आहे, या सगळ्यांची मिसळ असते. रोज बघितलं तर नुसतं वरखाली दिसतं. घरी ती स्वतः वहीत रोज एकच ओळ लिहिते: काल काय केलं आणि त्याने आज कसं वाटतंय. यातलं दुसरं अर्ध महत्त्वाचं निघालं. एका रविवारी ती सलग पाऊण तास बागेत फिरली, आम्ही सगळे खूश. सोमवार-मंगळवार अंथरुणात गेले. फिजिओने ती ओळ वाचली आणि ध्येयात शब्द घातले, "आणि दुसऱ्या दिवशीची कामं नेहमीसारखी होतात." आता फिरणं पंचवीस मिनिटं, पण आठवड्यातून चार दिवस.

एक सावधगिरीची गोष्ट. मागे एका आठवड्यात तिचं चालणं एकदम मंदावलं, दोन्ही पाय जड. आम्ही धरून चाललो की रिलॅप्स आला, व्यायाम वाया गेला. लघवीचा संसर्ग निघाला. तापही नव्हता. औषध घेतलं आणि काही दिवसांत चालणं पूर्वीच्या जागी आलं. डॉक्टरांनी समजावलं की नवीन लक्षण २४ तासांहून जास्त टिकलं आणि संसर्ग किंवा ताप नसेल, तरच रिलॅप्स म्हणतात. तेव्हापासून आकडा अचानक घसरला की आम्ही व्यायामाला दोष देत नाही, आधी डॉक्टरांना फोन करतो आणि तपासणी करून घेतो.

शेवटी एक विनंती. फिजिओकडे ध्येय लिहिताना घरच्यांचंही एखादं लिहा. माझं होतं: तिला पलंगावरून खुर्चीत नेताना माझी कंबर आखडू न देणं. ते शिकवायला फिजिओला दोन सत्रं लागली. मी तिच्या काखेत हात घालून ओढायचो, ते बंद झालं. तिने आधी पुढे सरकायचं, पाय मागे घ्यायचे, पुढे वाकायचं, आणि मी फक्त तोल सांभाळायचा. आता उठते ती तीच, मी नुसता शेजारी असतो.

---

नवखी

मला निदान होऊन सहाच महिने झालेत. मनगटावरच्या घड्याळातली पावलं मोजून चालेल का? तेच ध्येय धरलं तर?

---

मोजपट्टी

@नवखी, स्वतःच्याच मागच्या आठवड्याशी ताडून बघायला चालेल, दुसऱ्या कुणाशी नको. चालणं हळू असेल, पाय घसटत असेल किंवा हात वॉकरवर असेल तर मनगट हलत नाही आणि घड्याळ बरीच पावलं गाळतं. आणि पावलं हे ध्येय धरू नका. पावलं कशासाठी हवी आहेत, ते ध्येय. सहा महिन्यांत तेवढं ठरलं तरी खूप झालं, घाई नको.

@दोन काठ्या, "काय गमवायचं नाहीये" हा प्रश्न मी उद्यापासून विचारणार आहे. @हातभार, "आणि दुसऱ्या दिवशीची कामं नेहमीसारखी" हेही मी उचलते आहे.

---

फळ्यासमोर

सगळ्यांचे आभार. परवा तपासणी झाली, म्हणून सांगायला आले.

बूट घेऊन गेले. डाव्याच्या पुढच्या टोकाला रबराचा थर जाऊन आतला पांढरट भाग दिसायला लागलाय, उजवा जवळपास नवा आहे. फिजिओने दोन्ही शेजारी ठेवले, अंगठ्याने चाचपून पाहिले आणि म्हणाली, "हे मला का दिसलं नाही?" मग मीच सांगितलं की माझी चाचणी कायम सकाळी साडेनऊला, गार खोलीत होत आलीय आणि मी रिक्षातून उतरून थेट येते. शिकवण्याचा तास दुपारी असतो, दोन जिने चढून. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल. तिने डायरी काढली आणि म्हणाली, "मग दुपारीच या, आणि आपला जिना चढून या."

काल तशी गेले. सहा मिनिटं चालले, तिने दर मिनिटाला खडूने खूण केली. ५८, ५५, ५१, ४७, ४४, ४१. एकूण २९६ मीटर. चौथ्या मिनिटाला तो 'सर्र' आवाज सुरू झाला आणि ती चालता चालता माझ्या पायाकडे बघत राहिली. पहिल्या आणि शेवटच्या मिनिटात १७ मीटरचा फरक. गणिताच्या बाईंना हे आधी सुचायला हवं होतं असं घरचे म्हणाले, पण मी कुठे मोजत होते, मी तर उभी राहायचा प्रयत्न करत होते.

जुन्या कागदावरचं "चालण्यात सुधारणा" तिने खोडलं नाही, तारीख घालून खाली नवीन लिहिलं. उणे १, विसाव्या मिनिटाला बसणं. शून्याच्या पायरीवर आमचं थोडं वाजलं. मला पाचही दिवस पूर्ण तास हवा होता, ती तीनवर अडून बसली. शेवटी तीन दिवसच ठरले, बारा आठवडे, आणि हातभार यांची ओळ मी आग्रहाने घालून घेतली, कारण माझे संध्याकाळचे हाल या तासामुळेच होतात. भेटी आठवड्यातून दोनच राहतील. पाऊल वर धरणारा पट्टा पुढच्या आठवड्यात लावून बघायचा आहे. याबद्दल माझ्या मनात अडी होती, मोजपट्टी यांच्या प्रश्नाने ती गेली. मला तास हवाय. आणि शिकवायला जाण्याआधी दहा मिनिटं पंख्याखाली बसून गार पाणी पिऊन जायचं, हे आजपासूनच सुरू केलं.

दोन काठ्या, तुमची शेवटची ओळ मी कागदाच्या तळाला लिहून घेतली आहे, फिजिओने त्यावर सही केली.

आज तास संपल्यावर त्या मुलीला थांबवलं. तिला सांगितलं की माझा एक पाय लवकर दमतो, तू खुर्ची आणतेस ते मला कळतं आणि मी आतापर्यंत तुला काही बोलले नाही, ते चुकलंच. आता मी विसाव्या मिनिटाच्या थोडं आधी स्वतःहून दोन मिनिटं बसणार आणि परत उठणार आहे, असंही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग बाई, मी खुर्ची कधी आणू?" मी म्हटलं, "आवाज आला की. आणि घड्याळात किती वाजले ते बघून ठेवशील का?"

तिने वही उघडून दाखवली. मागच्या पानावर तारखांची एक रांग होती, प्रत्येकीपुढे मिनिटं. १९, २१, २०, १८, २०. जूनपासूनची.